भिंतीवरचा टॅब आणि सेहरीची तेरा मिनिटं



आमच्याकडे येणारा पाहुणा चपला काढता काढता दाराजवळच्या भिंतीकडे बघतो आणि विचारतो, "हे काय लावलंय?" घाटकोपरच्या आमच्या वन बीएचकेत, हॉलमधल्या स्विचबोर्डाशेजारी, एका लाकडी चौकटीत टॅब बसवलेला आहे. त्यावर इंग्रजी आणि हिजरी तारीख दिसते, पाच नमाजांच्या वेळा दिसतात, अम्मींच्या गोळ्या कधीच्या आहेत ते दिसतं, धाकट्याचं शाळेचं वेळापत्रक आणि लेकीच्या कॉलेजच्या परीक्षा दिसतात. खाली दोन बटणं आहेत, एक हॉलच्या दिव्याचं आणि एक पंख्याचं. "म्हणजे स्मार्ट होम की काय?" पाहुणे हसतात. मी म्हणते, स्मार्ट वगैरे काही नाही, आमच्या स्टाफरूममध्ये सूचनाफलक असतो ना, तसा घरचा फळा आहे.

गेल्या काही महिन्यांत तीन-चार भगिनींनी "हे कसं करायचं, एकदा लिहा" असं सांगितलं. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे. कसं लावायचं ते सांगतेच, पण आमच्या हातून झालेल्या चुकाही सांगते. त्यांतली एक चूक थेट रोजापर्यंत गेली.

हा टॅब नवा नाही. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि वर्ग मोबाईलवर आले, तेव्हा घरात एकच फोन आणि शिकणारे दोघे. मी स्वतः त्याच फोनवरून शिकवत होते. शेवटी कर्जाऊ पैसे घेऊन हा टॅब आणला. शाळा पुन्हा भरल्या आणि तो कपाटात गेला. त्याच्यावर आता नवी अॅप नीट चालत नाहीत, खेळ तर मुळीच नाहीत. अशा अनेक घरांत असा एखादा टॅब पडून असेल. भंगारात पाच-पन्नास रुपयांना देण्यापेक्षा त्याला एकच काम द्यावं आणि ते त्याने नीट करावं, एवढीच कल्पना होती.

खरं कारण मात्र अम्मी होत्या. माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्यांमुळे बहुतेक वेळ हॉलच्या दिवाणावर. कोकणातून मुंबईला आल्यापासून त्यांचा दिवस बांगेवर चालायचा. जोहरची बांग झाली की भात उतरवायचा, मगरिबची झाली की दिवा लावायचा. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगर-चुनाभट्टी भागातल्या तक्रारीवर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला आणि त्या वर्षीच्या उन्हाळा-पावसाळ्यात शहरातल्या सगळ्याच धर्मांच्या प्रार्थनास्थळांवरचे दीड हजारांहून जास्त भोंगे उतरले. आवाजाची मर्यादा कायद्यात आधीपासून आहेच, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. त्या वादात मी इथे शिरत नाही. आजारी माणसाला आवाजाचा त्रास होतो हे मलाही कळतं. पण आमच्या घरात त्याचा परिणाम एवढाच झाला की अम्मी दर अर्ध्या तासाने विचारू लागल्या, "बांग झाली का गं?"

त्याच सुमारास मोबाईलवर मशिदीतली अजान थेट ऐकवणाऱ्या एका मोफत अॅपची बातमी आली. तामिळनाडूतल्या मंडळींनी ते केलेलं आहे आणि माहीमच्या जुमा मशिदीसह मुंबईतल्या काही मशिदी त्यात आल्या. यांनी ते अम्मींना लावून दिलं. आवाज अगदी स्वच्छ. अम्मी ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. पण ही आपली बांग नाही." आमच्या मशिदीच्या मुअज्जिनांचा थोडा बसका आवाज त्यांना वीस वर्षांपासून ओळखीचा. आमची मशीद तेव्हा त्या यादीत नव्हती. मग लेकीनेच सुचवलं की जुना टॅब भिंतीवर लावू, वेळा मोठ्या अक्षरांत दिसतील, वेळ झाली की बारीक घंटी वाजेल, आणि दादीला विचारावं लागणार नाही.

आता कामाचं. पहिला प्रश्न जागेचा. स्वयंपाकघरात लावू नका, तेलाची वाफ पडद्यावर आणि चार्जिंगच्या भोकात बसते. न्हाणीघराच्या सामायिक भिंतीवर नको आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवरही नको. खिडकीच्या समोर लावला तर दिवसभर पडद्यावर उजेडच दिसतो. दाराजवळची आतली भिंत सगळ्यांत चांगली, कारण येता-जाता नजर पडते. उंची साधारणपणे उभ्या माणसाच्या डोळ्यांइतकी ठेवतात. आम्ही चार फुटांवर ठेवली, कारण अम्मी बसून बघतात आणि धाकटा अजून लहान आहे.

दुसरं, भोक पाडण्याआधी वायर कुठून गेली आहे ते बघा. भिंतीच्या आतली वायर बहुधा स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली जाते, त्या रेषेत ड्रिल चालवायचं नाही. उपनगरांतल्या नव्या टॉवरांत बहुतेक भिंती विटांच्या नसून सगळ्या ओतीव काँक्रीटच्या असतात, ज्यांना कामगार 'मायवान' म्हणतात. तिथे खाचा मारून वायर आत घालायच्या भानगडीत पडू नये, आत सळ्या असतात आणि सोसायटीही परवानगी देत नाही. इलेक्ट्रिशियनकडून बाहेरून केसिंग पट्टी मारून घ्यावी, पांढऱ्या भिंतीवर पांढरी पट्टी डोळ्यांना खुपत नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर मात्र भरवसा ठेवू नका. आमच्या शेजारच्या विंगमधल्या एका घरी टेपवर लावलेला टॅब जुलै महिन्यात रंगाच्या पापुद्र्यासकट खाली आला. सुताराकडून चौकट करून घ्या, वरून टॅब आत सरकेल आणि काढता येईल अशी. मागे आणि खाली हवेला जागा सोडायला सांगा. ही हवेची गोष्ट मी पुढे सांगते आहे, कारण आम्ही ती सोडली नव्हती.

टॅबमधलं सगळं आधी पुसून टाकलं. नवं खातं उघडलं, ज्यात कुणाचे मेसेज नाहीत, फोटो नाहीत, बँक नाही. हे फार महत्त्वाचं आहे. सुरुवातीला यांचंच खातं त्यावर होतं, तेव्हा एका संध्याकाळी पाहुण्यांच्या देखत बँकेचा निरोप पडद्यावर उमटला आणि पगाराचा आकडा साऱ्या बैठकीने वाचला. मग एक कॅलेंडर, एक नमाजच्या वेळांचं अॅप आणि दिवा-पंख्याच्या प्लगचं अॅप, एवढंच ठेवलं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये अॅप पिन करण्याची सोय असते, ती चालू केली की मुलाला त्यातून बाहेर पडून व्हिडिओ लावता येत नाही. रात्री अकरा ते पहाटेपर्यंत पडदा बंद.

ज्यांच्या घरी एखादा इंजिनिअरिंगचा मुलगा आहे त्यांना पुढेही जाता येईल. 'होम असिस्टंट' नावाची मोफत प्रणाली २०१३ पासून आहे, ती घरातल्याच एका छोट्या संगणकावर चालते, त्यामुळे आपल्या घरात दिवा कधी लागला आणि दार कधी उघडलं याची नोंद बाहेरच्या कंपनीकडे न जाता घरातच राहू शकते. आम्ही तिथवर गेलो नाही. आमची गरज तेवढी नव्हती.

विजेच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवा. गिझर सहसा दोन हजार वॉटचा असतो, म्हणजे तो जवळजवळ नऊ अँपिअर वीज ओढतो, त्याला सहा अँपिअरचा स्वस्तातला स्मार्ट प्लग लावला तर प्लग वितळेल. सोळाचाच लागतो. आणि कुठल्याही दिव्याचं भिंतीवरचं जुनं बटण काढू नका. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली होती तेव्हा माझा ऑनलाइन वर्ग मध्येच बंद पडला होता. वीज परत येते, इंटरनेट यायला कधी वेळ लागतो. तेवढ्या वेळात म्हाताऱ्या माणसाला हाताने दिवा लावता आला पाहिजे.

आता पहिली चूक. टॅब बंद चौकटीत आणि चोवीस तास चार्जिंगवर. आम्हाला वाटलं, घड्याळासारखाच तो, लावला की झालं. पाचव्या महिन्यात धाकटा म्हणाला, "अम्मी, टॅब जाडा झाला." पडदा एका बाजूने खरोखरच वर आला होता. आतली बॅटरी फुगली होती. लिथियमच्या बॅटरीला कायम शंभर टक्के भरलेलं राहणं आणि गरम राहणं, दोन्ही सोसत नाही. फुगलेली बॅटरी टोचली किंवा दाबली तर पेट घेऊ शकते. आणि हे सगळं दिवाणापासून हातभर अंतरावर, जिथे अम्मी झोपतात. मी त्या रात्री झोपले नाही. टॅब बंद करून, वायर काढून, फरशीवर एका कोपऱ्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी दुकानात बॅटरी बदलून घेतली. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे दिली. आता चार्जरला टायमरचा प्लग आहे, दुपारी दोन तास आणि रात्री एक तास वीज मिळते, बॅटरी साधारण तीस ते ऐंशी टक्क्यांच्या मध्ये राहते. काही टॅबमध्ये ऐंशीवर थांबण्याची सोय सेटिंगमध्येच असते, ती शोधा. आणि महिन्यातून एकदा टॅब चौकटीतून काढून पाठ बघा. सपाट आहे ना, एवढंच.

दुसरी चूक मात्र पैशाने भरून येणारी नव्हती.

या वर्षीचा रमजान हा अम्मींचा भोंग्याशिवायचा पहिला रमजान. सेहरीला सगळ्यांची नजर भिंतीवर. पहिल्या दिवशी अम्मींनी पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला आणि नियत केली. लेक म्हणाली, "दादी, अजून वेळ आहे, हे बघ, फज्र सहा वाजून तीन मिनिटांनी." अम्मी काही बोलल्या नाहीत. लेकीने आणि धाकट्याने सावकाश खजूर खाल्ले, चहा घेतला, सहा वाजायला दोन मिनिटं असताना तोंड धुतलं. मी डबे भरत होते. मी आधीच उरकलं होतं म्हणून माझंही लक्ष गेलं नाही.

दुसऱ्या पहाटे तेच. तेव्हा अम्मींनी उशीखालून मशिदीचं रमजानचं कार्ड काढलं आणि माझ्या हातात दिलं. त्यावर सेहरी संपण्याची वेळ छापलेली होती, पाच वाजून पन्नास मिनिटं. भिंतीवर सहा वाजून तीन. तेरा मिनिटांचा फरक. "काल का नाही सांगितलंत?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं, मशिनला जास्त कळत असेल. तुम्ही सगळे शिकलेले."

हे वाक्य माझ्या मनात अजून आहे. साठ वर्षं रोजे ठेवणारी बाई, आणि आपल्याच घरात ती एका पडद्यापुढे गप्प बसली.

फरक कुठून आला ते लेकीने त्याच दिवशी शोधलं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. फज्रची वेळ म्हणजे पूर्वेला पहाटेचा पहिला आडवा उजेड पसरण्याची वेळ. घड्याळासाठी तिचा हिशेब करताना सूर्य क्षितिजाखाली किती अंश आहे ते धरतात. आपल्याकडे सर्वसाधारणपणे अठरा अंश धरतात, कराचीच्या पद्धतीतही अठराच आहेत. उत्तर अमेरिकेतल्या एका संस्थेच्या पद्धतीत पंधरा अंश धरतात. पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. तीन अंशांची झाली बारा. मुंबई विषुववृत्तावर नाही आणि सूर्य तिरका वर येतो, म्हणून बाराची तेरा होतात. आमच्या अॅपमध्ये आधीपासूनच ती अमेरिकेची पद्धत निवडलेली होती आणि आम्ही कुणीही सेटिंग उघडून पाहिली नव्हती. यंत्राने गणित बरोबर केलं होतं. दिलेलं उदाहरणच दुसरं होतं. माझ्या वर्गातली मुलं परीक्षेत असं करतात तेव्हा मी त्यांना रागावते.

मग बाकीच्या वेळाही तपासल्या, तर असरमध्ये फरक निघाला. आम्ही कोकणी, शाफई. आमच्याकडे वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली वगळून, वस्तूइतकी झाली की असर सुरू होते. हनफी मसलकमध्ये ती दुप्पट व्हावी लागते. फेब्रुवारीत मुंबईला या दोहोंत सुमारे पन्नास मिनिटांचं अंतर पडतं. आमच्या अॅपवर हनफी वेळ होती, आणि अम्मी महिनोन्‌महिने "आज असर उशिरा आहे" असं म्हणत होत्या. आम्ही तेही हसण्यावारी नेलं होतं. तुमच्या घरी दोन्ही मसलकची माणसं असतील तर दोन्ही वेळा लावा, जागा पुष्कळ असते.

तिसरी गोष्ट ठिकाणाची. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर चालतं आणि मुंबई त्र्याहत्तरच्या जवळ आहे. म्हणून आपल्याकडे सूर्य घड्याळाच्या जवळजवळ अडतीस मिनिटं मागे असतो. अॅपमध्ये चुकून दुसरं शहर राहिलं तर मगरिबची वेळही चुकते, आणि इफ्तार वेळेआधी होऊ शकतो. टॅबमध्ये सिमकार्ड नसतं, ठिकाण नेहमी आपोआप बरोबर येईलच असं नाही. शहर हाताने निवडा.

मुलांच्या त्या एका रोजाचं काय, हा प्रश्न मी इमामसाहेबांना विचारला. त्यांनी न रागावता सांगितलं की जाणूनबुजून केलेलं नाही, पण त्या दिवसाची कजा करून घ्या, आणि इथून पुढे मशिदीच्या कार्डाप्रमाणे चला. लेकीने ईदनंतर तो रोजा ठेवला. धाकट्यावर अजून फर्ज नाही, तरी त्यानेही ताईबरोबर ठेवला. अम्मींनी त्या दिवशी दोघांसाठी सांदणं केली.

आता तिसरी गोष्ट, जिला मी चूक म्हणणार नाही, कारण ती वेळेत पकडली गेली. ती लेकीने पकडली. टॅब लावल्याच्या पहिल्याच रात्री तिने त्यावर आपला दुपट्टा टाकला. यांना वाटलं उजेड डोळ्यांवर येत असेल. ती म्हणाली, "बाबा, कॅमेरा माझ्या अंथरुणाकडे आहे." मुंबईच्या वन बीएचकेचं हे असं असतं. दिवसा जो हॉल, तीच रात्री मुलीची आणि दादीची झोपायची खोली. दिवसा बरोबर वाटणारी भिंत रात्री बरोबर नसते, आणि हे आम्हा दोघांना सुचलं नाही, कारण आम्ही आत झोपतो.

मला सूरह नूर आठवली. दुसऱ्याच्या घरात परवानगी आणि सलामाशिवाय शिरू नये हे आपण सगळे जाणतो. पण त्याच सूरहमध्ये पुढे घरातल्याच माणसांसाठीही सांगितलं आहे. फज्रच्या आधी, दुपारी विसाव्याला कपडे उतरवतो तेव्हा, आणि इशानंतर, या तीन वेळांना घरातल्या मुलांनीसुद्धा विचारून आत यावं. ज्या घरात पोटच्या लेकराला विचारून यायला शिकवतो, तिथे एक काच न विचारता रात्रभर उघड्या डोळ्यांनी बसू नये. आम्ही कॅमेऱ्यावर काळी चिकटपट्टी लावली, सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक अॅपची कॅमेऱ्याची आणि माईकची परवानगी काढून घेतली. बोलून दिवा लावायची सोय त्यामुळे गेली. गेली तर गेली, बटण हातभर अंतरावर आहे. दारावरच्या घंटीला कॅमेरा लावणाऱ्यांनाही एवढंच सांगते, त्याची नजर आपल्या उंबऱ्यावर ठेवा, समोरच्यांच्या दारावर नको. त्यांच्याकडे कोण आलं-गेलं हे आपलं काम नाही.

एवढं सगळं वाचून एखादी म्हणेल, मग लावायचाच कशाला? आमच्याकडे त्याचा उपयोग झाला आहे, हे खरं आहे. अम्मींची रक्तदाबाची गोळी चुकत नाही. धाकटा सकाळी वेळापत्रक स्वतः बघून दप्तर भरतो, मला ओरडावं लागत नाही. कोणत्या दिवशी कुणी दूध आणायचं यावरची भांडणं कमी झाली, कारण ते नावासकट भिंतीवर आहे. अट एकच, त्यावर जे लिहायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि तपासायचं काम एकाकडे द्यायचं. आमच्याकडे ते काम अम्मींकडे आहे. दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला लेक त्यांना वेळा वाचून दाखवते आणि त्या मशिदीच्या तक्त्याशी ताडून बघतात. दोन मिनिटांहून जास्त फरक निघाला तर टॅब बदलायचा, तक्ता नाही.

बांगेचा प्रश्न तसा सुटलेला नाही. घंटी वाजते, पण घंटी म्हणजे बांग नव्हे. मग एक झालं. मगरिबला घंटी वाजली की धाकटा खेळ सोडून दिवाणाजवळ येतो, वजू करून आलेला असतो, आणि दादीच्या बाजूला उभा राहून हळू आवाजात स्वतःच बांग देतो. मुअज्जिनांकडून शिकून आला आहे. आवाज अजून फुटायचा आहे, मध्येच श्वास कमी पडतो. अम्मी डोळे मिटून शब्दामागून शब्द जवाब देतात. शेजारी कुणाला ऐकूही जात नाही.

मशिदीचं ते रमजानचं कार्ड आता उशीखाली नाही. सुताराला पुन्हा बोलावून टॅबच्या चौकटीखाली एक बारीक पट्टी मारून घेतली आहे, त्यात ते कार्ड उभं असतं. पाहुणे आता त्याबद्दलही विचारतात.